नेमबाजीचा सराव आणि काडतुसांची काटकसर

दिनांक १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिक स्पर्धेत स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल, तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक पटकाविले. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे त्यांचे गाव. हेलसिंकी येथे १९५२ साली खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक जिंकून जगज्जेतेपदाचा मान मिळविला होता. नेमबाजी हा केवळ संस्थानिकांचा आणि धनिकांचा खेळ आहे, ही जुनी समजूत अशा यशांमुळे मागे पडत चालली आहे.

तथापि ग्रामीण भागातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने या खेळात पाऊल टाकावयाचे ठरविले की कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. रायफल एकदाच घ्यावी लागते. ती क्लबची किंवा प्रशिक्षण केंद्राचीही मिळू शकते. काडतूस मात्र प्रत्येक बाराबरोबर संपते. तीन स्थिती प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून प्रत्येकी २०, अशा ६० गोळ्यांची पात्रता फेरी असते. आठवड्यातून अशा तीन फेऱ्यांचा सराव वर्षातील ४० आठवडे केला, तर ७,२०० काडतुसे लागतात. नेम जुळविण्यासाठी झाडावयाच्या गोळ्या वेगळ्याच. गुणवत्ता असूनही काडतुसांअभावी सराव तुटणे हा या खेळातील मोठा धोका आहे. म्हणूनच स्वस्त काडतूस कोणते, ते कोठे वापरावे आणि कोठे वापरू नये, हे नवोदित नेमबाजाने व त्याच्या पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

.२२ काडतुसाची ओळख

पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धांत ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ हे एकच काडतूस वापरले जाते. ते १८८७ साली अमेरिकेत प्रचारात आले. राष्ट्रीय छात्र सेनेच्या छात्रांना चांदमारीच्या मैदानावर प्रथम हाताळावयास मिळते ती रायफलही बहुधा याच मापाची असते. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि नेहमीच्या गोळीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम असते.

या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या पोकळ काठातच ठिणगी पाडणारे मिश्रण भरलेले असते. चाप ओढताच रायफलीची सुई या काठावर आघात करते, मिश्रण पेट घेते आणि आतील दारू जळून गोळी नळीबाहेर फेकली जाते. यालाच ‘रिमफायर’ म्हणतात. ही रचना साधी व कमी खर्चाची असल्यामुळे हे काडतूस मोठ्या रायफलीच्या काडतुसापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. परंतु याच रचनेत त्याची मर्यादाही आहे. काठाची जाडी, त्यातील मिश्रणाची विभागणी, दारूचे प्रमाण आणि शिशाच्या गोळीवरील मेणाचा लेप यांत किंचित फरक पडला, तरी गोळीचा वेग बदलतो. सरावाचे काडतूस आणि स्पर्धेचे काडतूस यांच्या किमतीत जे अंतर असते, ते मुख्यतः या एकसारखेपणाचे मोल असते.

एकसारखेपणाला एवढे महत्त्व का, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. सेकंदाला ३३० मीटर वेगाने निघालेली गोळी ५० मीटर अंतर कापीपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. तीच गोळी ३१० मीटर वेगाने निघाली, तर ती साडेतेरा सेंटिमीटरहून अधिक खाली येते. म्हणजे नेम अचूक असूनही दोन गोळ्यांत सुमारे दीड सेंटिमीटरचे अंतर पडते. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे गांभीर्य कळते.

अधिक वेग म्हणजे अधिक अचूकपणा नव्हे

दुकानात ‘हाय व्हेलॉसिटी’ असे छापलेली काडतुसे दिसतात. जास्त वेगाची गोळी अधिक सरळ जाईल, असे नवशिक्याला वाटणे स्वाभाविक आहे; वस्तुस्थिती मात्र तशी नाही. ध्वनीचा वेग सामान्य तपमानात सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. वेगवान काडतुसाची गोळी सुमारे ३७५ ते ३८० मीटर वेगाने सुटते आणि हवेच्या विरोधामुळे तिची गती झपाट्याने कमी होत जाते. ध्वनीच्या वेगाची ही मर्यादा ओलांडताना तिच्याभोवतीचा हवेचा दाब बदलतो आणि ती डळमळण्याचा संभव असतो. शिवाय .२२ च्या बाबतीत वेगवान गोळी आडव्या वाऱ्याने अधिक ढकलली जाते; कारण वाऱ्याचा परिणाम केवळ उड्डाणाच्या वेळेवर नव्हे, तर हवेच्या विरोधाने गोळी किती रेंगाळते यावर अवलंबून असतो. स्पर्धेची काडतुसे सामान्यतः ध्वनीपेक्षा कमी वेगाची असतात ती यामुळेच. सरावासाठी काडतूस घेताना खोक्यावर ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ किंवा ‘टार्गेट’ असा उल्लेख असलेले काडतूस निवडणे इष्ट ठरते.

किती चांगले काडतूस पुरे?

काटकसरीचे खरे सूत्र येथे आहे. कागदावर गोळ्यांचा जो फैलाव दिसतो, त्यात दोन वाटे असतात : एक नेमबाजाच्या हाताचा आणि दुसरा रायफल व काडतूस यांचा. हे दोन वाटे सरळ बेरजेने मिळत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले असता एकूण फैलाव ढोबळमानाने मिळतो.

समजा, एका नवशिक्याच्या हाताचा फैलाव ४० मिलिमीटर आहे. त्याने २० मिलिमीटर फैलावाचे स्वस्त काडतूस वापरले, तर एकूण फैलाव सुमारे ४५ मिलिमीटर होईल. १५ मिलिमीटर फैलावाचे महाग काडतूस वापरले, तर तो सुमारे ४३ मिलिमीटर होईल. जादा पैसे मोजून केवळ दोन मिलिमीटर पदरात पडले! आता ज्याच्या हाताचा फैलाव १२ मिलिमीटरपर्यंत खाली आला आहे, असा कसलेला नेमबाज घ्या. त्याच दोन काडतुसांनी त्याचा एकूण फैलाव अनुक्रमे सुमारे २३ व १९ मिलिमीटर होतो. येथे चार मिलिमीटरचा लाभ आहे आणि त्यावर स्पर्धेचा निकाल फिरू शकतो.

यावरून व्यवहारात उपयोगी पडणारा आडाखा असा निघतो की, काडतुसाचा फैलाव नेमबाजाच्या हाताच्या फैलावाच्या निम्म्याच्या आत असला म्हणजे ते सरावासाठी पुरेसे समजावे. हात जसजसा स्थिर होत जाईल, तसतसे काडतूस सुधारीत जावे. पहिल्याच वर्षी परदेशी बनावटीच्या उंची काडतुसांवर खर्च करणे हे जसे अनाठायी, तसेच हात तयार झाल्यावरही निकृष्ट काडतुसाला चिकटून राहणे हे घातक होय. वाईट काडतूस नेमबाजाला खोटा धडा देते. गोळी भरकटते काडतुसामुळे आणि तो दोष शोधीत बसतो स्वतःच्या श्वासात किंवा बोटात. जो दोष नव्हताच, तो सुधारण्याच्या नादात चांगली सवय मात्र मोडते.

आपल्या रायफलीचे मत घ्यावे

एका रायफलीत उत्तम चालणारे काडतूस त्याच बनावटीच्या दुसऱ्या रायफलीत सामान्य ठरते, असा नेमबाजांचा नित्याचा अनुभव आहे. म्हणून शेजाऱ्याचा किंवा विक्रेत्याचा सल्ला ऐकावा, पण निर्णय चाचणीवर सोपवावा. ही चाचणी घेण्याची पद्धत सोपी आहे.

भारतीय आयुध निर्माण्यांनी केलेली आणि परवानाधारक विक्रेत्याकडे मिळणारी परदेशी बनावटीची तीन-चार प्रकारची काडतुसे थोडी थोडी आणावीत. वारा नसलेल्या सकाळी रायफल टेबलावरील वाळूच्या पिशव्यांवर भक्कम टेकवावी. प्रत्येक प्रकाराची पहिली दहा-पंधरा काडतुसे हिशेबात धरू नयेत. प्रत्येक कारखान्याचे मेण निराळे असते आणि नळीला नव्या लेपाची सवय होण्यास तेवढे बार लागतात. त्यानंतर पाच-पाच गोळ्यांचे किमान पाच पुंजके वेगवेगळ्या कागदांवर घ्यावेत. प्रत्येक पुंजक्यातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधील अंतर मोजावे आणि पाचांची सरासरी काढावी. सर्वांत लहान पुंजका पाहून हुरळून जाऊ नये. तो योगायोगही असू शकतो. सरासरी किती आणि सर्वांत वाईट पुंजका किती, या दोन आकड्यांवर निवड करावी. न उडालेली काडतुसे किती निघाली, याचीही नोंद ठेवावी.

निवड झाली की खोक्यावरील लॉट क्रमांक टिपून घ्यावा आणि शक्य तर वर्षभराचा साठा त्याच लॉटमधून घ्यावा. एकाच नावाच्या काडतुसाचे दोन लॉट सारखे चालतीलच असे नाही. चार-सहा नेमबाजांनी किंवा क्लबने एकत्रितपणे खरेदी केल्यास दरही बरा मिळतो आणि लॉटही एकच राहतो. मात्र प्रत्येकाने आपल्या परवान्यातील मर्यादेतच काडतुसे घेतली पाहिजेत.

काडतुसाविना सराव

सर्वांत स्वस्त बार तो, ज्यात काडतूस लागत नाही. रिकाम्या रायफलीने नेम धरून चाप ओढण्याचा सराव, ज्याला ‘ड्राय फायरिंग’ म्हणतात, तो जगातील नामवंत नेमबाजही करतात. गोळी सुटण्याचा धक्का व आवाज नसल्यामुळे चाप ओढताना नळीचे टोक किती हलते, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. मात्र खोलीत एकही काडतूस नसल्याची खात्री करूनच हा सराव करावा. रिमफायर रायफलीत सुईचा आघात रिकाम्या नळीच्या काठावर होऊन ती बिघडण्याचा संभव असतो. म्हणून रायफलीतील खास सोय वापरावी किंवा नकली काडतूस घालावे.

दुसरा मार्ग हवाई रायफलीचा. तिचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि .२२ काडतुसाच्या तुलनेत अत्यल्प किमतीत मिळतो. दहा मीटर अंतरावरील लक्ष्यात दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. या प्रकारात उभे राहूनच नेम धरावयाचा असल्यामुळे तीन स्थितींतील सर्वांत अवघड स्थितीचा सराव आपोआप घडतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळविले ते याच प्रकारात. छर्रे चपट्या डोक्याचे घ्यावेत. कागदावर त्यांचे छिद्र स्वच्छ व गोल पडते.

या सर्वांचा मेळ घातला म्हणजे खर्च किती उतरतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. सरावाच्या एका काडतुसाची किंमत एक एकक, स्पर्धेच्या काडतुसाची तीन एकके आणि छर्ऱ्याची एकदशांश एकक धरली, तर वर्षाचे ७,२०० बार स्पर्धेच्या काडतुसांनी काढण्यास २१,६०० एकके लागतील. त्याऐवजी २,४०० बार कोरे, १,२०० छर्ऱ्यांचे, ३,००० सरावाच्या काडतुसांचे आणि ६०० स्पर्धेच्या काडतुसांचे ठेवले, तर खर्च ४,९२० एकके, म्हणजे चतुर्थांशाहूनही कमी होतो. स्पर्धेची काडतुसे निवड चाचणीसाठी, स्पर्धेपूर्वीच्या काही दिवसांच्या सरावासाठी आणि प्रत्यक्ष स्पर्धेसाठी राखून ठेवावीत. बाजारभावाप्रमाणे आकडे बदलतील, वाटणीचे तत्त्व बदलणार नाही.

शिकार : काटकसरीची जागा नव्हे

स्वस्त काडतुसांचा विषय निघाला की शिकारीचा उल्लेख होतोच. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेखातर करावयाच्या शिकारीस वावच उरला नाही. रानडुकरांसारखे प्राणी उभ्या पिकांची नासधूस करतात, ही शेतकऱ्यांची व्यथा खरी आहे. परंतु त्यासाठीही या कायद्याच्या कलम ११ नुसार सक्षम वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश आवश्यक असतो. अशा आदेशाविना बंदूक उचलणे हा गुन्हा आहे. नुकसान झाल्यास वनविभागाकडे विहित मुदतीत भरपाईचा अर्ज करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे.

ज्या देशांत परवान्याने शिकार चालते, तेथील नियम काडतुसाच्या निवडीबाबत बोलके आहेत. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरीणविषयक कायद्याने मोठ्या हरणांसाठी .२४० इंचाहून लहान नळीची किंवा १,७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २,३०० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची रायफल वापरण्यास मनाई केली आहे. गोळीही मऊ किंवा पोकळ टोकाची, शरीरात शिरताच पसरणारी असावी लागते. संपूर्ण धातूचे वेष्टन असलेली स्वस्त गोळी आरपार निघून जाते. जनावर जखमी होऊन तडफडत दूर जाते आणि पलीकडे असलेल्या माणसालाही धोका पोहोचतो. .२२ काडतुसाची ऊर्जा जेमतेम १४० ज्यूल असते. म्हणजे हरणासाठी ठरविलेल्या किमान ऊर्जेच्या सोळाव्या भागाएवढीच. शंभर किलोचे रानडुक्कर त्याने मरत नाही. ते घायाळ होते आणि चवताळते.

म्हणून तेथील जाणते शिकारी सराव वेष्टनाच्या स्वस्त काडतुसांनी करतात, पण रानात जाताना पसरणाऱ्या गोळीचे काडतूस भरतात आणि त्यापूर्वी त्याच काडतुसाने नेम पुन्हा जुळवून घेतात. कारण दोन प्रकारच्या गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. काटकसर कागदावर करावयाची असते, जिवावर नव्हे, हा त्यातील बोध आहे.

साठवण, सुरक्षितता आणि आरोग्य

काडतुसे विकत घेताना ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावीत आणि परवान्यावर नोंद करून घ्यावी. पैसे वाचविण्यासाठी घरी काडतुसे भरण्याचा खटाटोप कोणीही करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस स्वतंत्र परवाना लागतो.

कोकणातील पावसाळी हवेत काडतुसे दमटपणाने खराब होण्याची भीती असते. ती मूळ खोक्यातच ठेवून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, कुलपात ठेवावीत. काडतुसांना तेल लावू नये. ते आत झिरपून मिश्रण निकामी करते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती ठेवू नयेत. जुना साठा आधी वापरावा.

काडतूस उडाले नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला, तर गोळी नळीत अडकली असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसरा बार काढणे जीवावर बेतू शकते. हलके म्हणून .२२ ला कमी लेखू नये. तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे मातीचा भक्कम बांध असलेल्या अधिकृत मैदानाबाहेर सराव करू नये.

गोळी शिशाची असते आणि ठिणगीच्या मिश्रणातही बहुधा शिशाचे संयुग असते. बंदिस्त मैदानात हवा खेळती असणे, सरावानंतर हात-तोंड साबणाने धुणे आणि मैदानावर खाणेपिणे टाळणे, या गोष्टी विशेषतः लहान वयाच्या नेमबाजांच्या आरोग्यासाठी आवश्यक आहेत.

क्लबची भूमिका

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही देशभरातील नवोदित नेमबाज पुढे येतात. या स्पर्धेपर्यंत पोहोचण्याची उमेद बाळगणाऱ्या मुलांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील क्लब व प्रशिक्षण केंद्रांनी एक काम सहज करण्यासारखे आहे. केंद्रातील प्रत्येक रायफलीची वर्षातून एकदा चाचणी घ्यावी. तिला मानवणारे काडतूस कोणते, त्याचा लॉट क्रमांक व फैलाव किती, याचा तक्ता भिंतीवर लावावा. आणि प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या वहीत त्याच्या हाताचा फैलाव दरमहा नोंदवावा. या दोन आकड्यांची तुलना केली की, कोणाला कोणते काडतूस द्यावयाचे हे अंदाजावर राहत नाही.

पालकांनाही यातून दिलासा मिळेल. मुलाच्या हातात सर्वांत महाग काडतूस नाही, म्हणून तो मागे पडेल ही भीती निराधार आहे. पहिल्या टप्प्यात त्याला हवा असतो तो अखंड सराव आणि खरे सांगणारा कागद. हे दोन्ही माफक खर्चात मिळू शकतात.